कवडशाची साक्ष

१

डिसेंबर ते मार्च या दिवसांत गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहिले की एक प्रश्न हमखास कानावर येतो. देवदर्शन आणि डोंगराची प्रदक्षिणा आटोपून, मुलांना उंटावर बसवून झाल्यावर माणसे सूर्यास्तासाठी वाळूत येऊन बसतात. मोबाइल सरसावलेले असतात. सूर्य खाली येतो, तांबूस होतो आणि पाण्याला टेकण्याआधीच, क्षितिजापासून चांगला वीतभर वर असताना, विरून जातो. ढग कुठेच नसतो. मग कोणीतरी म्हणते, "बुडायच्या आधीच गेला कुठे?" दुसरे कोणी सांगते, "धुके असेल." तिसरा, बहुधा मुंबईहून आलेला, म्हणतो, "प्रदूषण. इथेसुद्धा पोचले."

माझा व्यवसाय फोटोग्राफीचा. शिक्षण बारावीपर्यंत. सूर्यास्ताचे फोटो मी तीसेक वर्षे काढत आलो आहे, आणि पाऊस संपल्यावर लगेचच्या दिवसांत तोच सूर्य थेट पाण्यात उतरतो हे मला शटरचा वेग बदलताना कळले, पुस्तकातून नव्हे. कारण मात्र पुस्तकांतच शोधावे लागले. डोक्यावरच्या सूर्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असे धरले, तर क्षितिजापासून दहा अंशांवर असलेल्या सूर्याचा प्रकाश साधारण साडेपाच थरांतून येतो आणि पाच अंशांवरच्या सूर्याचा सुमारे दहा थरांतून. हवेत तरंगणारे कण थेट येणारा प्रकाश किती अडवतात हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञ 'प्रकाशीय जाडी' हे माप वापरतात. ही जाडी ०.४ असेल तर माथ्यावरच्या सूर्याचा सुमारे एक तृतीयांश थेट प्रकाश अडतो. डोळ्याला ते जाणवतही नाही. तोच सूर्य पाच अंशांवर आला की शंभरातले जेमतेम दोन भाग शिल्लक राहतात. म्हणजे वाळूत बसलेला पर्यटक न कळत एक मापन करत असतो. त्याचे उत्तर बरोबर असते: हवेत काहीतरी आहे. पुढचे वाक्य, म्हणजे ते काय आहे, हे मात्र त्या प्रकाशातून निघत नाही. धुके म्हणणारा आणि प्रदूषण म्हणणारा, दोघेही एकाच साक्षीदाराच्या तोंडी आपापले शब्द घालत असतात.

या लेखात मला तपासायचे आहे ते एवढेच: हवेतल्या कणांबद्दल प्रकाशाने दिलेली साक्ष कुठपर्यंत ग्राह्य धरायची? प्रश्न पुस्तकी वाटेल. पण काही वर्षांपूर्वी मी स्वतः ही साक्ष चुकीची वाचली आणि तिच्या भरवशावर माझ्या गावाने केलेली एक तक्रार पडली. त्यामुळे ही चिकित्सा मी इतरांच्या चुकांपासून सुरू करणार असलो तरी ती माझ्या दारापर्यंत येणार आहे.

२

आमच्या जुन्या कौलारू घराच्या माजघरात एक काचेचे कौल होते. सकाळी नऊच्या सुमारास त्यातून उन्हाचा तिरपा पट्टा जमिनीवर पडे आणि चुलीचा धूर त्यात वळवळताना दिसे. पट्ट्याबाहेरची हवा मात्र स्वच्छ. या पट्ट्याला मराठीत 'कवडसा' असा स्वतंत्र शब्द आहे. एवढ्याशा गोष्टीला शब्द देणारी भाषा तिच्याकडे पुष्कळ काळ पाहत बसली असणार.

त्याहून जुना शब्द म्हणजे 'त्रसरेणु'. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, झरोक्यातून येणाऱ्या सूर्यकिरणांत जो बारीक रज दिसतो त्याला त्रसरेणु म्हटले आहे आणि वजनांच्या मापांतले ते पहिले माप मानले आहे. अलीकडे व्याख्यानांत आणि व्हॉट्सअॅपवर या उल्लेखाचा आधार घेऊन, आपल्या पूर्वजांना हवेतल्या सूक्ष्म कणांचे विज्ञान ठाऊक होते, असे सांगितले जाते. हे विधान त्याच ग्रंथातल्या हिशोबाने तपासता येते. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, तीन लिक्षांची एक काळी मोहरी, तीन काळ्या मोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक यव आणि तीन यवांची एक गुंज. गुणाकार केला तर एका गुंजेत १,२९६ त्रसरेणु बसतात. गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. म्हणजे एक त्रसरेणु मिलिग्रॅमच्या अकराव्या भागाएवढा. कवडशात तरंगणारा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा मातीचा कण घेतला तर त्याचे वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास येते. तफावत लाखपटीच्या घरातली आहे.

यात त्या ग्रंथकर्त्यांची चेष्टा करण्यासारखे काही नाही. त्यांना सोन्याचांदीच्या तोलासाठी एक शिडी बांधायची होती आणि तिची सर्वांत खालची पायरी म्हणून डोळ्याला दिसणारी सर्वांत लहान वस्तू त्यांनी घेतली. निरीक्षण पक्के होते. तराजूवर तो कण मात्र कोणी ठेवलेला नव्हता. हवेचे शास्त्र त्यांनी सांगितलेच नाही, ते आपण त्यांच्या नावावर घालतो. पाहणे आणि मोजणे यांत अंतर असते, आणि ते बुजवून टाकण्याची घाई आजही तशीच आहे.

हे अंतर ओलांडण्याचा एक नमुना जॉन टिंडॉलने घालून दिला. १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा प्रखर झोत सोडला की लंडनच्या हवेतली धूळ उजळून दिसे. टिंडॉलने त्या झोताखाली ज्योत धरली. झोतात काळे लोट उठले. पाहणाऱ्याला तो धूर वाटावा, पण ते धुळीचे नसणे होते. कण जळून गेल्यामुळे तिथे प्रकाश विखुरणारे काही उरलेच नव्हते. त्यावरून ती धूळ बऱ्याच अंशी सेंद्रिय आहे असे त्याने ताडले. इथे ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की, धूळ आहे हे प्रकाशाने सांगितले आणि ती कशाची आहे हे ज्योतीने. एका साक्षीदाराला जे ठाऊक नव्हते त्यासाठी त्याने दुसरा बोलावला.

पुढे १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने पाण्यात तरंगणाऱ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांचे रंग समजून घेताना गोल कण प्रकाश कसा विखुरतात याचे गणित मांडले. तेच गणित आज हवेतल्या कणांना लावतात. कणाचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असेल तर तो आपल्या वजनाच्या मानाने पुष्कळ प्रकाश विखुरतो. त्याहून फार मोठा किंवा फार लहान असेल तर त्या मानाने कमी. प्रकाशाचा साक्षीदार अशा रीतीने पक्षपाती आहे. मधल्या आकाराचे कण तो मोठ्या आवाजात सांगतो, बाकीच्यांबद्दल पुटपुटतो.

३

आपल्याकडे या साक्षीदाराला शिस्तीत बोलते करण्याचे काम पुण्यात झाले आहे. अॅना मणी १९४८ मध्ये पुण्याला भारतीय हवामान खात्याच्या उपकरण विभागात आल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकीय वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. त्या नोंदींतून हवेचा गढूळपणा कसा काढायचा यावर त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख १९६९ मध्ये 'टेलस' या नियतकालिकात आला. 'गढूळपणा' हा शब्द मला फार योग्य वाटतो. पाणी गढूळ आहे म्हणताना आपण ते कशाने गढूळ झाले याचा दावा करत नाही.

सूर्याकडे रोखलेले हे यंत्र, फोटोमीटर, तत्त्वाने साधे असते. ठरावीक रंगांच्या चाळण्यांतून सूर्याचा थेट प्रकाश घ्यायचा आणि तो किती कमी झाला ते पाहायचे. पण कशाच्या मानाने कमी? वातावरणाच्या बाहेर तो किती असता हे ठाऊक हवे. त्यासाठी सॅम्युएल लँग्लीची जुनी युक्ती वापरतात. सकाळी सूर्य वर चढत असताना पुन्हा पुन्हा वाचन घ्यायचे, हवेचे थर दहावरून पाच, तीन, दोन असे कमी होताना प्रकाश कसा वाढतो त्याची रेषा काढायची आणि ती शून्य थरापर्यंत लांबवायची. हवा त्या काही तासांत बदलली नाही, एवढी अट. पुण्यासारख्या शहरात सकाळी ती पाळली जाणे कठीण, म्हणून उत्तम यंत्रे हवाईतल्या मौना लोआसारख्या उंच, निर्मळ जागी नेऊन जुळवून घेतात.

एकाहून अधिक रंग वापरण्याचा फायदा स्वीडनच्या आंडर्स आँगस्ट्रॉमने १९२९ मध्ये दाखवला. कण बारीक असतील, धुराचे असतील, तर निळा प्रकाश तांबड्यापेक्षा बराच जास्त अडतो. कण जाड असतील, मिठाचे किंवा वाळवंटी धुळीचे असतील, तर दोन्ही रंग जवळपास सारखेच अडतात. ओळख पटवण्याच्या दिशेने हे एक पाऊल आहे. पण यातून जाडी-बारीकपणा कळतो, जात नाही. जाड कण मिठाचा की मातीचा, हे रंगांची तुलना सांगत नाही.

पुण्याच्याच पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, पी. सी. एस. देवरा, अर्नेस्ट राज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ पासून लेसर वापरून वेगळ्या प्रकारची मालिका सुरू केली. अंधार पडल्यावर आर्गॉन लेसरचा हिरवा झोत आकाशात सोडायचा आणि काही अंतरावर ठेवलेल्या दुर्बिणीने त्या झोताच्या वेगवेगळ्या उंचीवरच्या भागांकडे पाहायचे. रस्त्यावर धुक्यात मोटारीच्या दिव्याचा झोत बाजूने पाहिला तर कुठे दाट, कुठे विरळ दिसतो, तसेच हे. फोटोमीटर डोक्यावरच्या सगळ्या हवेची एकच बेरीज देतो. लेसर मात्र ही बेरीज कोणत्या उंचीवर किती आहे ते उलगडतो. वर्षानुवर्षे ही निरीक्षणे घेऊन पुण्यावरच्या कणांचे प्रमाण वाढत असल्याचे त्यांनी दाखवले. २००४ पासून नासाच्या 'एरोनेट' या जगभरच्या जाळ्यातला स्वयंचलित फोटोमीटरही पुण्यात आहे. या जाळ्यातली यंत्रे ठरावीक काळाने खाली उतरवून पुन्हा जुळवून घेतात, ढगांची वाचने वगळतात आणि जुळवणी पुरी होईपर्यंत आकड्यांवर 'अंतिम' असा शिक्का मारत नाहीत. मला त्या आकड्यांपेक्षा हा उशीर अधिक शिकवून गेला.

पण पुण्याचे आकडे उचलून गणपतीपुळ्याला लावता येत नाहीत. मध्ये सह्याद्री आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांवर, आम्ही पाण्याच्या काठावर. मग उपग्रह आहेतच की, असे कोणी म्हणेल. मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची प्रकाशीय जाडीची प्रचलित नोंद दहा किलोमीटरच्या चौकटीची असते. गणपतीपुळ्यावर अशी चौकट टाकली तर तिच्यात अर्धा समुद्र, पांढरी वाळू, कातळाचा सडा, आंब्याच्या बागा आणि मालगुंडपर्यंतची वस्ती असे सगळे येते. खालचा पृष्ठभाग समुद्र आहे की जमीन यावर त्या गणिताची रीतच बदलते. किनारा दोन रीतींच्या सांध्यावर येतो. पाण्यावर सूर्य चमकतो ती वाचने टाकून द्यावी लागतात. जून ते सप्टेंबर ढगांमुळे फारसे काही दिसत नाही. म्हणजे नकाशावर 'वार्षिक सरासरी' म्हणून रंगवलेला आमचा ठिपका खरे तर आठ महिन्यांचा असतो, आणि तोही शेजारच्या पाण्याशी आणि सड्याशी भागीदारीतला. असे नकाशे शाळेच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. गावागावांची तुलना त्यावरून करू नये.

४

साक्ष खरी असूनही निकाल वादग्रस्त कसा होतो याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच समुद्रावर घडले. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' हा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रूट्झन हे त्याचे प्रमुख. विमाने, मालदीवमधले केंद्र आणि जहाजे अशा सगळ्यांवर प्रकाशीय यंत्रे होती. आपले 'सागरकन्या' जहाजही त्यात होते. त्या महिन्यांत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, आणि अरबी समुद्रावर व हिंदी महासागराच्या उत्तर भागावर सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकट थर पसरलेला आढळला. त्यात काजळी होती, म्हणजे प्रकाश नुसता विखुरणारे नव्हे तर शोषणारे कणही होते. गणपतीपुळ्याच्या वाळूतून जो सूर्य विरताना दिसतो, त्याच्या मागे हाही पडदा आहे.

२००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या आधारे 'एशियन ब्राउन क्लाउड' नावाने अहवाल काढला. जमिनीवर पोचणारे ऊन दहा ते पंधरा टक्क्यांनी घटते, पावसावर आणि शेतीवर परिणाम होऊ शकतो, असे त्यात होते. त्याच वर्षी 'करंट सायन्स'मध्ये जे. श्रीनिवासन आणि पुण्यात जन्मलेल्या मॉन्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ यांनी त्याची कठोर चिकित्सा केली. रामनाथन प्रभृतींनी तिला उत्तर दिले. पुढे नावातला 'एशियन' जाऊन तिथे 'अॅटमॉस्फेरिक' आले.

तेव्हा मी या अहवालाला पाश्चात्त्यांचा कट म्हणणाऱ्यांत होतो. मूळ लेख मी दहा वर्षांनी, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, तेव्हा मला माझी लाज वाटली. श्रीनिवासन-गाडगीळ यांनी मोजमाप नाकारलेले नव्हते. त्यांचा प्रश्न महिन्यांचा होता. हा थर प्रामुख्याने जानेवारी ते मार्चमधला. पावसाळ्यात तो धुऊन जातो. मग तीन कोरड्या महिन्यांच्या निरीक्षणांवरून चार ओल्या महिन्यांबद्दल एवढ्या ठामपणे कसे बोलता? आणि असे धुरकट थर जगात इतरत्रही असताना एकाच खंडाचे नाव का?

माझ्या मते या वादात दोन्ही बाजूंकडे काही खरे होते. काजळीमुळे हवेचा वरचा थर तापतो आणि जमीन त्या मानाने थंड राहते हा रामनाथन यांचा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे, आणि भारतीय शास्त्रज्ञांनीच त्यावर पुढे भरपूर काम केले. पण अहवालाची भाषा मोजमापाच्या पुढे धावली होती हेही खरे. ती धाव थांबवण्यासाठी मोजमाप खोटे ठरवावे लागले नाही. नेमके कधी, कुठे आणि कशाबद्दल, एवढे विचारावे लागले. कोणत्याही चिकित्सेचे हेच काम आहे असे मला वाटते. हे तीन प्रश्न पाठ असूनही मी माझ्या वेळी विसरलो.

५

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक छोटी लेसर डबी विकत घेतली. तिच्यात बारीक पंखा हवा ओढतो, हवा लेसरच्या झोतासमोरून जाते, कण चमकला की बाजूला बसवलेला प्रकाशग्राहक ती चमक टिपतो. चमकांवरून आकार आणि संख्या ठरते आणि बनवणाऱ्याने आत घातलेले सूत्र त्याचे घनमीटरमागे मायक्रोग्रॅम करते. म्हणजे हा खिशात मावणारा कवडसाच. फरक इतकाच की मनुस्मृतीतल्या त्रसरेणूप्रमाणे इथेही वजन केलेले नसते, मानलेले असते. कण गोल आहे, कोरडा आहे, त्याची घनता अमुक आहे, असे धरून.

डबी मी पडवीत टांगली. दिवसा आकडा शांत असे. मध्यरात्रीनंतर चढे, पहाटे कळस गाठी, ऊन पडले की उतरे. रोज. मी ताडले की रात्री कोणीतरी काहीतरी सोडते. परिसरातल्या एका प्रकल्पाबद्दल बागायतदारांची आधीपासून तक्रार होती की पानांवर राख बसते, मोहोर काळवंडतो. ग्रामसभेत मी माझा आलेख वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. तो आलेख तक्रार अर्जाला जोडला गेला.

पाहणीला अधिकारी आले. त्यांच्याकडचे यंत्र हवा गरम करून, कोरडी करून मग तिच्यातल्या कणांचे वस्तुमान काढणारे होते. त्यांचा आकडा माझ्या कितीतरी खाली आला. माझा आलेख अविश्वसनीय ठरला, ते योग्यच झाले. पण त्याबरोबर तक्रारही निकाली निघाली. आमच्या वाडीतले एक वडीलधारे बागायतदार, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, बाहेर पडताना एवढेच म्हणाले, "अरे, तुझ्या त्या डबीने आमचा मोहोर मोजलाच नाही रे."

ते वाक्य शब्दशः खरे होते, हे मला समजायला एक हिवाळा लागला.

खाऱ्या हवेत मिठाचे कण असतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असेल तोवर साधे मीठ कोरडे राहू शकते. त्यापलीकडे ते पाणी ओढून थेंब होते. ऐंशी टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्या कणाच्या सुमारे दुप्पट होतो. व्यास दुप्पट म्हणजे प्रकाशासमोरचे क्षेत्रफळ चौपट. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता त्याहूनही वर जाते. डबी पाण्याचे थेंब पाहत होती आणि त्यांना धूळ म्हणत होती. शिवाय दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे सुटतात. ते गावातल्या चुलींचा, पेटवलेल्या पालापाचोळ्याचा धूर किनाऱ्याकडे आणतात. रात्री थंड हवा खाली बसते, त्यामुळे तो धूर वर जात नाही. माझ्या आलेखातला रात्रीचा डोंगर या सगळ्याचा मिळून होता.

हे नुसते वाचून मी थांबलो नाही. लेन्सला बुरशी लागू नये म्हणून फोटोग्राफर सिलिका जेलचे मणी बाळगतात. मी दुसरी तशीच डबी आणली, एकीची हवा त्या मण्यांच्या बरणीतून घेतली, दुसरीची थेट. दोन्ही शेजारी ठेवल्या. बरणीत काही कण अडकत असणार, हे धरूनही फरक बोलका होता. रात्रीचा बराचसा डोंगर बरणीच्या बाजूला सपाट झाला. टिंडॉलची ज्योत मला माझ्याच कपाटात सापडली होती, पण ग्रामसभेनंतर.

यापेक्षा मोठी चूक दुसरी होती. पानावर जी राख बसते ती बसते, कारण ती जड असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून मोठे कण फार वेळ तरंगत नाहीत. डबी अशा कणांना जवळपास आंधळी असते. अधिकाऱ्यांचे यंत्रही तरंगणाऱ्या बारीक कणांसाठीच होते, आणि पाहणी मोजक्या वेळाची. म्हणजे बागायतदारांचा प्रश्न होता पानावर पडलेल्या कणांचा, आणि आम्ही दोघांनीही उत्तर दिले हवेत राहिलेल्या कणांचे. मी म्हणालो 'आहे', ते म्हणाले 'नाही', आणि दोघेही दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलत होतो. फरक इतकाच की चुकीची किंमत आमच्यापैकी कोणी दिली नाही. ती ज्यांच्या बागा होत्या त्यांनी दिली.

६

तेव्हापासून मी एक जुने प्रकाशीय यंत्र वापरतो: सूक्ष्मदर्शक, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसा. काचपट्टीला व्हॅसलीनचा पातळ हात द्यायचा, ती बागेत आडवी ठेवायची, तारीख, वार्‍याची दिशा आणि तास लिहायचे. चोवीस तासांनी पाहायचे. दुसऱ्या पट्टीसाठी ठरावीक झाडाची दहा पाने शुद्ध पाण्यात धुऊन ते पाणी आटवायचे.

जे दिसते त्याने माझी खात्री वाढली नाही, शब्द वाढले. चौकोनी पारदर्शक खडे दिसतात. पाण्याचा थेंब सोडला की ते विरघळतात. ते मीठ. तांबूस, कोनाकोनांचे कण दिसतात. ते चिरेखाणीचे आणि रस्त्याचे. जाळीदार काळे पुंजके म्हणजे काजळी. ती भाजावळीच्या दिवसांत आणि वणव्यानंतर वाढते, म्हणजे आमचा हातही तिच्यात आहे. किनाऱ्यावरच्या सुरूंचे पराग दिसतात. आणि कधी कधी दिसतात काचेसारखे गुळगुळीत गोल मणी. असे मणी खनिज वितळेल इतक्या उष्णतेतून आलेले असतात, कोळशाच्या राखेत ते असतात. ते कोणत्या भट्टीतले हे मात्र मणी सांगत नाही. त्यासाठी वाऱ्याच्या नोंदी हव्यात, अनेक महिन्यांच्या पट्ट्या हव्यात, वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या बागेतलीही पट्टी हवी, आणि शेवटी रासायनिक तपासणी करणारी प्रयोगशाळा हवी. तेवढे जमेपर्यंत मी कोणाचे नाव घेत नाही. पण 'काही नाही' असेही आता कोणाला म्हणू देत नाही.

वृत्तपत्रांना माझी एक विनंती आहे. हवेतल्या प्रत्येक गोष्टीला 'धूलिकण' म्हणणे आपण सोडून देऊ या. २००९ च्या राष्ट्रीय मानकानुसार अडीच मायक्रॉनखालच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. या दोन्ही आकड्यांना कण मिठाचा की काजळीचा याची पर्वा नसते. कायद्याला एक आकडा लागतो, हे समजू शकते. पण भाषेला तशी सक्ती नाही. परिभाषेत 'वायुकलिल' असा शब्द आहे. तो जड वाटत असेल तर 'तरंगते कण' म्हणावे, आणि ओळख पटली की खार, धूर, काजळी, राख, माती, पराग. २०२२ च्या २३ जानेवारीला वाळवंटाकडून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याच्या गाड्या पांढुरक्या झाल्या होत्या. तिला धूळ म्हणणे बरोबर होते. सकाळी आमच्या पडवीत डबी जे पाहते त्याला धूळ म्हणणे चूक आहे. शब्द नेमका असता तर कदाचित मीही ग्रामसभेत उभा राहून 'धूळ' म्हणालो नसतो.

काकांच्या बागेत आता पाच ठिकाणी पट्ट्या ठेवतो. गेल्या मोसमातल्या दोनशेहून अधिक पट्ट्या माझ्या स्टुडिओत, निगेटिव्हच्या जुन्या डब्यांत आहेत. प्रत्येकीवर तारीख आणि वारा. पुन्हा अर्ज करायचा तर आणखी दोन मोसम थांबू या, असे मी म्हणालो तेव्हा काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "थांबू. पण या खेपेला पानं धर, हवा नको." या वर्षी मोहोर येईल तेव्हा आम्ही दोघे पहिली पट्टी ठेवू, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर कोणी विचारलेच की सूर्य बुडायच्या आधी गेला कुठे, तर मी सांगेन: हवेत काहीतरी आहे, ते काय आहे हे सांगायला मला अजून दोन वर्षे द्या.